जुने सर्व्हो ड्राइव्ह ठेवून सीएनसी मशीनला नवा कंट्रोलर बसवताना

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत किंवा कोल्हापूर शहरातलं उद्यमनगर, कुठल्याही मशीन शॉपमध्ये डोकावलात तर कोपऱ्यात असं एखादं सीएनसी लेथ हमखास दिसतं. बेड भक्कम, स्पिंडलचा आवाज अजून गोड, स्लाइडला म्हणावी तशी झीज नाही, आणि कंट्रोलरचा, म्हणजे मशीनच्या संगणकाचा, पडदा मात्र काळा. कार्ड जळालेलं असतं, ते मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलेलं असतं, जुनं कार्ड मिळालं तरी त्याची खात्री कोण देणार? मग मालक नवीन मशीनचा हप्ता मोजायला बसतात आणि भंगारवाला किलोचा भाव सांगून जातो.

अशा पुष्कळ मशीनमध्ये मोटारी आणि सर्व्हो ड्राइव्ह, म्हणजे त्या मोटारी चालवणारे खोके, ठणठणीत असतात. ते तसेच ठेवून फक्त कंट्रोलर बदलला तर खर्च बराच वाचतो आणि मशीनला पुढची बरीच वर्षं काम मिळतं. पण हे प्रत्येक मशीनला जमत नाही, आणि जमणार की नाही हे कंट्रोलरच्या दुकानात नव्हे, मशीनच्या मागच्या पॅनलमध्ये ठरतं. ड्राइव्हला कुठल्या प्रकारची कमांड लागते आणि तो आज धडधाकट आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं हातात येईपर्यंत नवीन कंट्रोलरला एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका. हा लेख मेंटेनन्समध्ये नव्यानं आलेल्या मुलांसाठी आणि स्वतःच्या मशीनचं काम स्वतः समजून घेऊ पाहणाऱ्या छोट्या मालकांसाठी आहे.

कंट्रोलरच गेलाय, हे आधी नक्की करा

पडदा काळा म्हणजे कंट्रोलर मेला, असं नाही. पहिल्यांदा पॉवर सप्लाय मोजा. लॉजिकचे ५ व्होल्ट कार्डाजवळ मोजायचे, सप्लायच्या टर्मिनलवर नाही. ४.७५ च्या खाली गेले तर कंट्रोलर वेड्यासारखा वागतो आणि दोष कार्डावर येतो. २४ व्होल्टचा सप्लाय लोडवर मोजा. पंखे फिरतायत का बघा. आपल्याकडे बिडाचे जॉब जास्त, आणि बिडाची बारीक भुकटी वीज वाहते. फौंड्रीला लागून असलेल्या शॉपमध्ये कार्डांवर काळा थर बसलेला असतो. कार्ड काढून, साफ करून, कनेक्टर नीट बसवून बघितल्यावर चालू झालेली मशीन कमी नाहीत.

दुसरं कारण बॅटरी. जुन्या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर बॅटरीवर टिकतात. बॅटरी उतरली की पॅरामीटर जातात आणि अलार्मची रांग लागते. हार्डवेअर चांगलं असतं, फक्त माहिती उडालेली असते. मशीन बनवणाऱ्यानं दिलेली पॅरामीटरची छापील यादी पॅनलच्या दाराच्या आतल्या खिशात असते, ती शोधा. आणि मशीन चालू असेल तर बॅटरी नेहमी कंट्रोलर चालू ठेवून बदलायची.

वायर सोडण्याआधीच्या नोंदी

पडदा दिसत असेल तर प्रत्येक पॅरामीटर पानाचा फोटो काढा. आरएस-२३२ पोर्ट चालत असेल तर पॅरामीटर, लॅडर (मशीनच्या स्विच-रिलेचं लॉजिक) आणि प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून घ्या. पडदा गेलाच असेल तर मशीनसोबत आलेला टेस्ट चार्ट आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंग शोधा, तेही नसेल तर मोजमाप स्वतः करा.

नव्या कंट्रोलरला जुन्याकडून लागतं ते एवढं: प्रत्येक अक्षाच्या बॉलस्क्रूचा पिच (एका फेरीत स्लाइड किती सरकते), मोटर ते स्क्रू बेल्ट किंवा गिअरचं प्रमाण, एन्कोडरच्या (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) लाइन्स, रॅपिडचा (न कापता पळण्याचा) वेग, सॉफ्ट लिमिट (कंट्रोलरमध्ये भरलेली प्रवासाची हद्द), बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई), पिच एरर कॉम्पेन्सेशनचा (स्क्रूची चूक भरून काढण्याचा) तक्ता, होमची जागा, स्पिंडलच्या प्रत्येक गिअरचा कमाल आरपीएम. पिच एररचा तक्ता लोक विसरतात. तो लेझरनं मोजून भरलेला असतो. पुन्हा मोजायला पैसे लागतात, उतरवून घ्यायला अर्धा तास.

वायरला जुनी फेरूल नंबरं (टोकावरच्या नळीवर छापलेली) असतील तर तीच ठेवा. नवीन ड्रॉइंगही त्याच नंबरांवर काढा. पुसट झालेली नंबरं नव्यानं लावा, पण आकडा बदलू नका. पुढच्या माणसाकडे जुनं ड्रॉइंग असेल आणि वायरवर वेगळाच नंबर, तर त्याचा दिवस वाया जातो.

ड्राइव्ह कुठली कमांड घेतो

इथं घाई करू नका, कारण कामाचा निकाल इथंच लागतो. ड्राइव्हची नेमप्लेट पुसून तिचा पूर्ण मॉडेल नंबर उतरवा, शेवटच्या अक्षरापर्यंत. एकाच खोक्यात वेगळं कार्ड असू शकतं आणि तो फरक शेवटच्या दोन अक्षरांत असतो.

सर्वांत सोयीचा प्रकार ॲनालॉगचा. कंट्रोलर ड्राइव्हला -१० ते +१० व्होल्टची कमांड देतो. शून्य म्हणजे थांब, प्लस म्हणजे एका दिशेला, मायनस म्हणजे उलट, आणि व्होल्टेज जेवढं जास्त तेवढा वेग. मोटरचा टॅको किंवा रिझॉल्व्हर (मोटरचं फिरणं सांगणारे सेन्सर) ड्राइव्हमध्ये येतो, वेग ड्राइव्ह सांभाळतो. एन्कोडर कंट्रोलरकडे जातो, जागा कंट्रोलर सांभाळतो. सीमेन्सच्या सिमोड्राइव्ह ६११ मालिकेतलं ॲनालॉग कार्ड असेल तर त्यावर ५६ आणि १४ ही कमांडची टर्मिनलं दिसतात, शेजारी ९, ६६३ आणि ६५ ही एनेबलची, म्हणजे ड्राइव्हला चालायची परवानगी देणारी. फॅनकचे पिवळ्या टोपीच्या डीसी मोटारींबरोबरचे जुने ड्राइव्हही ॲनालॉग वेगाच्या कमांडवर चालत. असे ड्राइव्ह जवळपास कुठल्याही ॲनालॉग कंट्रोलरला जोडता येतात. मात्र पूर्ण वेगाला नक्की किती व्होल्ट लागतात, ते त्या ड्राइव्हच्या पुस्तकातून बघून घ्या.

ॲनालॉगमध्येही एक पोटभेद आहे. ड्राइव्हकडे वेगाचा कुठलाच फीडबॅक जात नसेल, तर तो टॉर्क मोडमध्ये चालतोय. मग ±१० व्होल्ट म्हणजे वेग नव्हे, जोर. असा ड्राइव्ह नव्या कंट्रोलरला जोडता येतो, पण ट्यूनिंग अवघड जातं. पहिलंच काम असेल तर जाणकार सोबत घ्या.

दुसरा प्रकार पल्सचा. एका तारेवर पल्स, दुसऱ्यावर दिशा. जीएसके ९८० सारखे कंट्रोलर असेच पल्स देतात. पॅनासॉनिक मिनास, यास्कावा सिग्मा, डेल्टा एएसडीए, मित्सुबिशी एमआर-जे या घराण्यांतले बरेच ड्राइव्ह पल्सवर चालतात, काही पल्स आणि ॲनालॉग दोन्ही घेतात. पण त्याच घराण्यात फक्त नेटवर्कवर चालणारी मॉडेलंही आहेत, म्हणून पुन्हा तेच: पूर्ण मॉडेल नंबर बघा.

तिसऱ्या प्रकाराशी झुंजू नका. फॅनकच्या नंतरच्या डिजिटल सर्व्होंमध्ये करंटचं गणितसुद्धा कंट्रोलरमधल्या ॲक्सिस कार्डावर होतं आणि ॲम्प्लिफायरला फक्त पीडब्ल्यूएम (चालू-बंद पल्सचा) सिग्नल जातो. अल्फा-आय मालिकेत तर ऑप्टिकल फायबरची एफएसएसबी ही फॅनकची स्वतःची जोडणी आहे. सीमेन्सच्या ६११ डिजिटलला त्याचीच बस लागते, एस१२० ला ड्राइव्ह-क्लिक ही सीमेन्सचीच जोडणी. अशा ठिकाणी एकतर त्याच कंपनीचा सुसंगत कंट्रोलर घ्यायचा, नाहीतर ड्राइव्ह-मोटरसकट सगळं बदलायचं. मधला रस्ता सांगणारा कुणी भेटला, तर त्याला तो रस्ता तशाच दुसऱ्या चालू मशीनवर दाखवायला सांगा.

ड्राइव्हची परीक्षा, कंट्रोलरशिवाय

ॲनालॉग ड्राइव्ह असेल तर तो नवा कंट्रोलर घेण्याआधीच चालवून बघता येतो. हे काम इलेक्ट्रिशियनसोबतच करायचं. ४१५ व्होल्टवर थेट चालणाऱ्या ड्राइव्हच्या आत डीसी बस, म्हणजे कपॅसिटरवर साठलेलं डीसी व्होल्टेज, ५८५ व्होल्टच्या आसपास असते आणि मेन बंद केल्यावरही ती लगेच उतरत नाही. ड्राइव्हच्या पुस्तकात जेवढी मिनिटं थांबायला सांगितलंय तेवढी थांबा आणि मीटरनं मोजल्याशिवाय आत हात घालू नका. बस उतरली की नाही हे दिव्यावरून ठरवायचं नाही, मीटरवरून ठरवायचं.

आधी मोटर स्क्रूपासून सोडवा, कपलिंग ढिलं करून किंवा बेल्ट काढून. मग एक छोटा टेस्ट बॉक्स करा: १.५ व्होल्टचा एक सेल, १ किलो-ओहमचा पॉट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणारा पोटेन्शिओमीटर), दोन वायर. पॉटची दोन टोकं सेलला, मधला पाय आणि मायनस ड्राइव्हच्या कमांड टर्मिनलला. ९ व्होल्टची बॅटरी वापरू नका, आणि कारण आकड्यांतच आहे. समजा १० व्होल्टला मोटर २००० आरपीएम फिरते आणि स्क्रूचा पिच १० मिलिमीटर आहे. कपलिंग न सोडता ९ व्होल्ट सरळ लागले तर मोटर १८०० आरपीएमला जाईल आणि स्लाइड सेकंदाला ३०० मिलिमीटर पळेल. लेथच्या एक्स अक्षाला तेवढा प्रवासही नसतो. १.५ व्होल्टला मात्र मोटर फार तर ३०० आरपीएमला जाते.

पॉट पूर्ण शून्यावर ठेवून ड्राइव्हला पॉवर द्या, मग एनेबल द्या. मोटर जागच्या जागी घट्ट धरली पाहिजे. हलकी सरकत असेल तर हरकत नाही, तो ऑफसेट आहे, ड्राइव्हवरच्या पॉटनं किंवा पॅरामीटरनं नंतर शून्य करता येतो. आता पॉट सावकाश वाढवा. वेग पायऱ्या न घेता वाढायला हवा. आवाज एकसारखा हवा. सेल उलटा लावा आणि त्याच व्होल्टेजला उलट दिशेला तेवढाच वेग येतो का बघा. शाफ्टवर खूण करून मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर फेऱ्या मोजता येतात. एनेबल देताच मोटर सुसाट पळाली तर टॅकोची तार तुटलेली आहे किंवा उलटी आहे. डीसी मोटर असेल तर कार्बन ब्रश आणि टॅकोचे ब्रश उघडून बघा, कम्युटेटरवर काळी भुकटी असेल तर आधी ते काम.

मोटर बांधणारे हुशार कारागीर उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण सर्व्हो मोटर त्यांच्याकडे देण्याआधी विचारा की सर्व्होचं काम केलंय का. एसी सर्व्होचा एन्कोडर काढून परत बसवताना कोन चुकला तर मोटर फिरायचीच नाही किंवा थरथरेल. काही जुन्या डीसी सर्व्होंमध्ये आर्मेचर बाहेर काढताच चुंबकाचा जोर कमी होऊ शकतो.

दोन्ही अक्षांचे ड्राइव्ह परीक्षेत पास झाले तर पुढं जा. एक पास, एक नापास असेल तर दुरुस्तीची पक्की सोय किंवा वापरलेला चालू ड्राइव्ह हाताशी असल्याशिवाय जुने ड्राइव्ह ठेवण्याचा हट्ट धरू नका. नवा कंट्रोलर बसवून सहा महिन्यांत ड्राइव्हसाठी मशीन बंद पडली, तर आगीतून फुफाट्यात.

कंट्रोलर निवडताना विचारायचे प्रश्न

ढोबळ मानानं दोन वाटा आहेत. एक, तयार औद्योगिक कंट्रोलर ज्याला ॲनालॉग आउटपुट आहेत, उदाहरणार्थ फॅगोर ८०५५ च्या घराण्यातले. पुस्तक, सर्व्हिस, ओळखीचा पडदा, आणि किंमतही त्याच हिशोबानं. दोन, पीसीवर चालणारं लिनक्ससीएनसी आणि त्याला जोडलेलं मेसाचं कार्ड. लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या प्रकल्पात आहे, सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं आहे. मेसाच्या ७आय७७ कार्डावर सहा ॲनालॉग आउटपुट, सहा एन्कोडर इनपुट, ३२ इनपुट आणि १६ आउटपुट मिळतात, म्हणजे साध्या लेथला पुरून उरतं. पण त्याचं सगळं कॉन्फिगरेशन तुम्हाला करायचंय. शॉपमध्ये शिकायची हौस आणि वेळ असलेला एक तरी माणूस असेल तरच ही वाट धरा. जॉबची डिलिव्हरी डोक्यावर असताना शिकणं होत नाही. पीसी निवडताना रिअलटाइम कर्नेलवर लेटन्सी टेस्ट (पीसी प्रतिसादाला किती उशीर लावतो, ते मोजणारी) घ्या आणि लॅपटॉप टाळा.

कुठलाही कंट्रोलर घ्या, एन्कोडर इनपुटचा वेग हिशोबात धरा. २५०० लाइनचा एन्कोडर एका फेरीला १०,००० काउंट देतो. पिच १० मिलिमीटर असेल तर एक काउंट म्हणजे एक मायक्रॉन, छान. रॅपिड १५ मीटर प्रति मिनिट म्हणजे १५०० आरपीएम, सेकंदाला २५ फेऱ्या, म्हणजे सेकंदाला अडीच लाख काउंट. इनपुट त्याहून बराच वरचा हवा. एन्कोडरचा प्रकारही बघा: ५ व्होल्टचा डिफरेन्शियल, म्हणजे ए आणि ए-बार अशा जोड्यांचा असेल तर सरळ जुळतो. हायडेनहाइनचा साइन सिग्नल असेल तर मध्ये साइनचे पल्स करणारा इंटरपोलेटर लागतो.

इनपुट-आउटपुट मोजताना ड्रॉइंगवरून मोजा, अंदाजानं नाही. लिमिट, होम, चकचा पेडल, हायड्रॉलिक प्रेशर, लुब्रिकेशन, कूलंट, दार, टरेटचे (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्याचे) सेन्सर, ड्राइव्ह रेडी. आलेल्या बेरजेवर थोडे मोकळे ठेवा. सेन्सर पीएनपी (प्लस देणारा) की एनपीएन (मायनस देणारा), ते कार्डाशी जुळतं का, हेही आत्ताच. स्पिंडलला एन्कोडर आहे ना? तो नसेल तर थ्रेडिंग, म्हणजे आटे पाडणं, होणार नाही.

पॅनल

इमर्जन्सी बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. बटण, ओव्हरट्रॅव्हल लिमिट, सेफ्टी रिले आणि ड्राइव्हचा कॉन्टॅक्टर ही साखळी तारांनी पूर्ण व्हायला हवी, कंट्रोलरला फक्त खबर मिळावी. ड्राइव्ह मोटारींना आधी ब्रेक मारून थांबवतील आणि मग पॉवर कापली जाईल, एवढ्यासाठी उशिरानं सुटणारा सेफ्टी रिले वापरा. स्लँट बेड लेथचा एक्स अक्ष किंवा व्हीएमसीचा (उभ्या मिलिंग मशीनचा) झेड अक्ष एनेबल जाताच खाली घसरतो. तिथं ब्रेक आधी लागावा आणि मग एनेबल जावं, सुरू होताना आधी एनेबल आणि मग ब्रेक सुटावा. हा क्रम रिले लावून, खाली लाकडी ठोकळा ठेवून तपासा.

ॲनालॉग कमांडची केबल पिळलेल्या जोडीची, शिल्डची, आणि मोटरच्या पॉवर केबलपासून दूर. शिल्ड एकाच टोकाला, कंट्रोलरच्या बाजूला अर्थ करा. ड्राइव्हचा कमांड इनपुट डिफरेन्शियल असेल तर दोन्ही तारा न्या, एक तार २४ व्होल्टच्या कॉमनला जोडून मोकळे होऊ नका. दहा मिलिव्होल्टचा गोंधळसुद्धा वरच्या उदाहरणातल्या मशीनला मिनिटाला २० मिलिमीटर सरकवू शकतो. डीसी कॉइलच्या प्रत्येक रिले आणि सोलेनॉइडला डायोड, एसी कॉन्टॅक्टरला आरसी सप्रेसर. एन्कोडरचे ५ व्होल्ट एन्कोडरच्या टोकाला मोजा, लांब केबलमध्ये ते पडतात.

आपल्या वसाहतींत शेजारी इंडक्शन फर्नेस असते, तिचा त्रास लाइनवर येतो. जुन्या मशीनला ४१५ वरून २०० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो काढू नका. पीसी आणि २४ व्होल्टचा सप्लाय यूपीएसवर घ्या, ड्राइव्ह नको. पॅनलमध्ये बाहेरची हवा ओढणारा पंखा बिडाची भुकटीही ओढतो. पॅनल एसी बसवा, नाही जमलं तर बंद पॅनलसाठीचा हीट एक्स्चेंजर, आणि दाराचं रबर बदला. हे काम शक्यतो पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत उघडी कार्डं आणि उघडे कनेक्टर बरे नव्हेत, शिवाय २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता. अर्धं सोडलेलं मशीन आणि पुण्याहून येणारं सामान अडकलेलं, असा प्रसंग कशाला ओढवून घ्यायचा?

पहिली हालचाल

ड्राइव्हची पॉवर बंद ठेवून फक्त कंट्रोलर चालू करा. प्रत्येक लिमिट हातानं दाबून पडद्यावर तोच इनपुट बदलतो का बघा. मग बॉलस्क्रू हातानं बरोबर एक फेरी फिरवा. पिच १० असेल तर पडद्यावर १०.००० आलं पाहिजे. स्लाइडवर डायल गेज लावून खात्री करा. लेथच्या एक्स अक्षाला इथं नवशिके फसतात: पडदा व्यासात दाखवतो, डायल त्रिज्येत. त्या पिचला एका फेरीत डायलवर १० आणि पडद्यावर २० आलं तर बरोबर आहे.

दिशाही इथंच ठरवा. झेड प्लस चकपासून दूर, एक्स प्लस केंद्रापासून दूर. हातानं त्या दिशेला ढकलल्यावर आकडा वाढला पाहिजे. नाही वाढला तर एन्कोडरची दिशा कॉन्फिगरेशनमध्ये उलटी करा.

आता महत्त्वाचं. पोझिशन लूप, म्हणजे जागेची चूक बघून कमांड सुधारणारा फेरा, अजून जोडू नका; लिनक्ससीएनसीमध्ये पी (त्या सुधारणेचा गेन) शून्य ठेवा. स्लाइड प्रवासाच्या मधोमध आणा. एका माणसाचा हात इमर्जन्सीवर, तो दुसरं काही करणार नाही. ड्राइव्हला पॉवर आणि एनेबल द्या, आणि कंट्रोलरमधून ०.१ व्होल्ट पाठवा. उदाहरणातल्या मशीनवर स्लाइड मिनिटाला २०० मिलिमीटर सरकेल. प्लस व्होल्टला आकडा वाढला तर चिन्ह बरोबर. आकडा कमी झाला तर कमांडचं चिन्ह उलटं करा. हे चिन्ह चुकीचं ठेवून लूप जोडला तर कंट्रोलर चूक सुधारायला जाईल आणि चूक वाढत जाईल, स्लाइड पूर्ण वेगानं एका टोकाला आदळेल. म्हणून पहिल्या वेळी फॉलोइंग एररची (हवी ती जागा आणि खरी जागा यांतल्या फरकाची) मर्यादा एक-दोन मिलिमीटरच ठेवा, चिन्ह चुकलं तरी मशीन लगेच ट्रिप होईल.

मग कमांड शून्य व्होल्ट करून ड्राइव्हचा ऑफसेट जुळवा, स्लाइड जागची हलता कामा नये. त्यानंतर थोडासा पी देऊन लूप जोडा, स्लाइड जागा धरून बसली की जॉगनं हळू चालवा.

ट्यूनिंगमध्ये ड्राइव्हचे पॉट फिरवायचा मोह आवरा. टॅकोचं आणि करंटचं गणित मशीन बनवणाऱ्यानं जुळवलेलं असतं. कंट्रोलरच्या बाजूनं तीनच गोष्टी करा: १० व्होल्टला किती वेग हे प्रमाण नीट भरा, फीड फॉरवर्ड द्या (चूक व्हायची वाट न बघता वेगाची कमांड आधीच देणं), आणि पी वाढवत जा. गेन २० प्रति सेकंद आणि फीड फॉरवर्ड नसेल तर ३ मीटर प्रति मिनिट वेगाला स्लाइड अडीच मिलिमीटर मागं राहते. फीड फॉरवर्ड बरोबर बसला की हाच आकडा फार खाली येतो. पी वाढवताना स्लाइड गुणगुणायला लागली की थोडं मागं या आणि तिथंच थांबा. हॅलस्कोपवर (लिनक्ससीएनसीतल्या आलेखाच्या पडद्यावर) फॉलोइंग एररची रेघ बघत काम केलंत तर अंदाजाची गरज राहत नाही.

होमिंगची एक खोड सांगतो, कारण ती जॉब रिजेक्ट करते आणि लवकर सापडत नाही. होम स्विच सुटल्यावर कंट्रोलर एन्कोडरचा इंडेक्स शोधतो, आणि इंडेक्स प्रत्येक फेरीला एकदा येतो. इंडेक्स स्विचच्या कडेला चिकटून येत असेल तर कधी हा इंडेक्स धरला जातो, कधी पुढचा, आणि होम बरोबर एका पिचनं, म्हणजे १० मिलिमीटरनं सरकतं. डॉग (स्विच दाबणारा ठोकळा) अर्धी फेरी सरकवा, म्हणजे इंडेक्स स्विचपासून साधारण ५ मिलिमीटरवर पडेल. मग पुन्हा पुन्हा होम घेऊन डायलवर बघा.

स्पिंडलचा ड्राइव्ह बहुधा ० ते १० व्होल्टवर किंवा ±१० वर चालतो, तो लवकर बसतो. टरेटला वेळ द्या. प्रत्येक पायरीला सेन्सरची वाट, प्रत्येक वाटेला वेळेची मर्यादा, मर्यादा संपली की अलार्म. क्लॅम्पचा सेन्सर आल्याशिवाय फीड सुरू होता कामा नये. टरेट अर्धवट बसलेला असताना बिडात टूल घुसलं तर मोडतं ते टूल नाही, टरेटची कपलिंग.

ऑपरेटर आणि जुने प्रोग्रॅम

मशीन हलायला लागली की ऑपरेटरचा पहिला प्रश्न ठरलेला.

"साहेब, आमचे जुने प्रोग्रॅम चालतील न्हवं?"

"जी००, जी०१, जी०२ सगळं चालेल, दादा. सायकल आणि टूल नंबर बघायला लागतील."

हे उत्तर तयार ठेवा आणि त्यामागचं काम आधी करा. फॅनकच्या लेथवर टी०१०१ मध्ये टूल आणि ऑफसेट दोन्ही येतात. लिनक्ससीएनसीत साधारण टूल नंबर आणि टूल बदलायचा एम६ वेगळे. जी७१ रफिंग सायकल लिहायची पद्धत वेगळी, जी९२ चा अर्थही वेगळा: फॅनकच्या लेथवर जी९२ नं आटे पडतात, लिनक्ससीएनसीत त्यानं शून्य सरकतं. न बघता जुना प्रोग्रॅम चढवला तर धोका आहे. रिमॅप करून, म्हणजे कोडला नवा अर्थ जोडून, टी०१०१ चालवता येतं, आणि माझ्या मते ते करावंच. पंधरा वर्षं ज्याचा हात एका पद्धतीला बसलाय, त्याला तुमच्या सोयीसाठी पद्धत बदलायला लावू नये. ऑपरेटरला बटणं कुठं हवीत हेही विचारा. फीड ओव्हरराइडचा जुना गोल नॉब जमेल तर परत जोडा. टचस्क्रीनवर तेलकट हातानं फीड कमी करायला वेळ लागतो.

पहिला जॉब नेहमीचाच घ्या, पण पहिली फेरी चकमध्ये जॉब न धरता, पाच टक्के रॅपिडवर. मग एकाच सेटिंगवर दहा नग काढा आणि व्यास लिहा. मशीन गरम होताना थोडा कल दिसला तर चालेल, अचानक उडी दिसली तर कपलिंग, एन्कोडर किंवा शिल्ड पुन्हा तपासा. बॅकलॅश आणि पिच एररचे आकडे यानंतरच भरा.

कॉन्फिगरेशनच्या दोन प्रती करा, एक पेनड्राइव्ह पॅनलच्या दारात आणि एक ऑफिसात. नवीन ड्रॉइंग जुन्या खिशात घाला. आणि काढलेली जुनी कार्डं भंगारात टाकू नका. जे कार्ड चालू होतं त्यावर तसं लिहा, अँटिस्टॅटिक पिशवीत बांधा आणि आसपासच्या ड्राइव्ह-कार्ड दुरुस्तीवाल्यांना सांगून ठेवा. तेच मॉडेल चालवणारा, त्याच पॉवर सप्लायसाठी किंवा त्याच ॲक्सिस कार्डासाठी अडलेला कुणीतरी गोकुळ शिरगावात नाहीतर इचलकरंजीत असतोच.